घाना हरायलाच हवं

घानानं गोल मारला आणि अरुणरावांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तरी सोफ्यावरून उठून त्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगात घानाची जर्सी असल्यावर दुसरं करणार काय?

जर्सी शेजारच्या क्वेसींनी दिलेली. तेही घानाहून मुलाकडे आलेले, तेही दिवसभर खिडकीशी. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावात गाडी चालवता येत नसेल तर माणसाची कुंडी होते, ठेवाल तिथं बसून राहायचं. म्हणून दोघं म्हातारे फुटबॉल वर्ल्डकपच्या मॅच बघायला लागले आणि घरभर झालं, बाबा रमले बरं का!

रमतायत कसले! अरुणरावांचा सगळा जीव अकोल्यात. आपला फ्लॅट, गॅलरीतली जास्वंद, सकाळची चौकडी. पण तसं बोलले तर सून हिरमुसली असती. प्रीता बिचारी ऑफिस सांभाळून त्यांच्यासाठी रोज भाकरी थापायची. परत जायचं आडून आडून विचारलं, तर मुलगा सौमित्र हसला होता. घाना बाहेर पडू दे, मग तिकिटाचं बघू, म्हणाला.

तेव्हापासून अरुणराव रोज देवापुढे घानाचा पराभव मागत होते. आणि ही मेली टीम जिंकतच चाललेली! समोर क्वेसी आनंदानं मिठी मारायचे, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

तसा सौमित्र गुणाचा पोरगा. आल्या आल्याच त्यांना नोटरीकडे घेऊन गेला होता. अकोल्याच्या फ्लॅटची कामं इथून करता यावीत म्हणून त्यांनी त्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र केलं. कागद वाचलेही नाहीत. पोटच्या पोराचे कागद कोण वाचतं?

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी दोन गोल केले. शिट्टी वाजली. घाना बाहेर.

अरुणरावांना रडूच फुटलं. सुटलो एकदाचे! जर्सीच्या बाहीनं डोळे पुसावेत तर पुन्हा भरून येत होते.

"आबा, इट्स ओके," नात रुही त्यांना बिलगली.

सौमित्रनं टीव्ही बंद केला. तो शेजारी येऊन बसला.

"बाबा, इतकं मनाला लावून घेऊ नका. वाढदिवसाला सरप्राइज देणार होतो, आताच सांगतो. तुमच्या ग्रीन कार्डचा अर्ज केलाय. पुढचा वर्ल्डकपही इथंच बघायचा. अकोल्याचा फ्लॅट काल विकला मी."