किलोचा की सेटचा

दुकानदाराने पिवळा ठोकळा दिव्याखाली धरला, उलटा केला आणि त्याचा चेहरा बदलला.

"वहिनी, हा चावलाय कुणीतरी."

फिटरच्या बायकोने हातातली रिकामी पिशवी घट्ट आवळली. काउंटरवर प्लास्टिकच्या ठोकळ्यांची क्रेन उभी होती. शेजारी पूल आणि बंबाची गाडी. तिन्ही पूर्ण. जुन्या खेळण्यांच्या धंद्यातला नियम तिला एव्हाना पाठ झाला होता. सुटे ठोकळे किलोवर जातात, भाजीसारखे. पूर्ण सेट नगावर जातो आणि चौपट पैसे देतो. भंगारातून पोत्याने आणलेले ठोकळे धुऊन, निवडून, एका पोत्यात नसलेला तुकडा दुसऱ्यात धुंडाळून हे तीन सेट उभे राहिले होते. उभे केले होते तिच्या नवऱ्याने. एका हाताने. दुसरा हात कारखान्याच्या यंत्रात गेला होता.

तो दुकानात आला नव्हता. काचेच्या दाराबाहेर, पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून उभा होता. रिकामी बाही खिशात खोचलेली. घरातून निघताना एवढंच म्हणाला होता, "सेटचा भाव आला तर ते काम. किलोचा आला तर पोरखेळ. मग पोती माळ्यावर टाकू आणि मी बसतो आपला खिडकीपाशी." हे तो हसत म्हणाला होता. ते हसू खरं नव्हतं.

दुकानदाराने क्रेनचा सांधा सोडवला. आणखी एक ठोकळा पाहिला. आणखी एक. कडेला बारीक खळगे, ओळीने.

"घरात पोरगं आहे की उंदीर?" तो म्हणाला. "जोडणी झकास आहे हो. एक तुकडा इकडचा तिकडे नाही. पण शौकीन गिऱ्हाईक भिंग घेऊन बसतं, वहिनी. दात लागलेला माल सेटमध्ये खपत नाही. किलोने घेतो."

घट्ट बसलेले ठोकळे सोडवायला दोन हात लागतात. एकच हात असला, की माणूस दुसऱ्या बाजूला काय लावणार? घरात सगळ्यांना ते दिसत होतं. बोलायची कुणाची छाती नव्हती. शेजारी यायचे आणि "कमाल आहे हो तुमची" म्हणून जायचे. सासूबाईंना तर त्याने दोन ठोकळे जोडले तरी भरून यायचं. तिने स्वतः क्रेनवरच्या खुणांवरून बोट फिरवलं होतं आणि म्हटलं होतं, "अगदी नव्यासारखी झालीय."

तिने दाराकडे पाहिलं. काचेपलीकडची पाठ हलली नव्हती.

देवा, एवढ्या खोट्याला माफ कर, असं मनात म्हणत तिने पाकिटातून घडी केलेल्या नोटा काढल्या. महिन्याच्या किराण्यातल्या.

"दादा," ती कुजबुजली, "त्यांना सेटचाच भाव सांगा. वरचा फरक हा घ्या. फक्त त्यांना कळता कामा नये."

दुकानदाराने नोटांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग दारापलीकडच्या त्या बाहीकडे. त्याने हातातला ठोकळा हळूच खाली ठेवला. त्याला सगळं कळलंय, हे तिला कळलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याने नोटा तिच्याकडे परत सरकवल्या आणि दाराकडे बघून आवाज दिला.

"ओ पाहुणे! बायकोला पुढे करून बाहेर काय उभे राहिलात? आत या!"

तिने नोटा घाईने पाकिटात लपवल्या. नवरा आत आला.

"हे तुम्ही जोडलंत?"

"हो."

"आणि सोडवलंत दातांनी?"

नवऱ्याने मान वर केली नाही.

"कामधंदा काय तुमचा?"

"फिटर."

"फिटर!" दुकानदाराने ठोकळा त्याच्या पुढ्यात आपटला. "कारखान्यात काय नट दातांनी खोलत होतात? घरात व्हाइस नाही? दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या लावून ठोकळा त्याच्या जबड्यात आवळला, की एका हाताने सुटतो. हे मी तुम्हाला सांगायचं? चांगला माल नासलात. किलोचा भाव घ्या. सेटचा हवा असेल तर दात न लावता आणा, मग बोलू."

तिने डोळे मिटून घेतले. मिटण्याआधी नवऱ्याच्या कानशिलावरची शीर उडताना तिला दिसली होती.

मग त्याचा आवाज आला, घोगरा. "किलोचाच लावा."

तिन्ही सेट मोडून तागडीत पडले. मिळालेले पैसे त्याने न मोजता खिशात कोंबले आणि तो दुकानाबाहेर पडला. इतक्या झपाझप चालायला लागला, की तिला जवळजवळ पळावं लागलं.

"अहो, ऐका तरी. तो माणूसच फटकळ. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं? इतकी काही वाईट नव्हती हो क्रेन. मला तर खरंच..."

तो थबकला. वळला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. या खेपेला खरं.

"अगं," तो म्हणाला, "हात गेल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामात खोट काढली."