वीतभर जास्त

“ताठ उभी राहा गं टाचणी! उभ्या उभ्या झोपतेस काय?”

काकूंची टेप कमरेपासून गुडघ्यापर्यंत सुळकन उतरली. स्टुलावर उभी असलेली टाचणी खरंच पेंगत होती. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं, पंख्याच्या वाऱ्यावर चिंध्या हळूहळू सरकत होत्या, आणि जमीन जरा दूरच वाटत होती. टाचणी हे नाव काकूंनीच ठेवलेलं. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. वय अकरा, इयत्ता सहावी, घर पाचवं.

आईवडील नव्हते. संस्था तिला एकेका कुटुंबात ठेवायची, आणि काही ना काही निमित्त होऊन ती परत यायची. काहींच्या पायाला भिंगरी असते म्हणतात. हिच्या पायाला ती दुसऱ्यांनीच बांधली होती. शिवणकाम करणाऱ्या या काकूंकडे येऊन सहा महिने झाले होते, आणि इथून तिला जायचं नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की हातचं जातं, असा तिचा अनुभव.

काकूंनी शाळेच्या स्कर्टचं निळं कापड बेतलं, कापलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. टाचणीने गंमत म्हणून तो तुकडा कमरेला लावून पाहिला. गुडघ्याच्या खाली चांगला वीतभर गेला. काकू तीस वर्षं शिवतात, त्यांची कात्री चुकत नाही. मग हा स्कर्ट आपला नव्हेच. दुसऱ्या कुणाचा तरी. मोठ्या मुलीचा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. टाचणीचं तर चार वेळा पोळलेलं. त्यात आज चार वाजता संस्थेच्या ताई यायच्या होत्या. म्हणजे ठरलंच.

तिने आत जाऊन बॅग भरली. काकूंना कळू नये म्हणून रडली नाही. मग त्याच बॅगेवर डोकं टेकून पडली. बाहेर शिलाई मशीन सुरू झालं, आणि त्या आवाजात सगळं घर हलकं होऊन जमिनीपासून सुटलं. पहिल्या घराचा जिना दुसऱ्या घराच्या अंगणात उतरत होता. तिसऱ्या घराचं दार चौथ्याच्या भिंतीत उघडत होतं. ती खोलीखोलीत जाऊन विचारत होती, माझी गादी कुठली? सगळे प्रेमाने हसत होते आणि कुणीच सांगत नव्हतं. लांब कुठेतरी मशीन मात्र चालूच होतं. ती त्या आवाजाच्या दिशेने चालत राहिली.

जाग आली ती ताईंच्या आवाजाने. टाचणी बॅग घेऊन बाहेर आली.

“मी तयार आहे,” ती म्हणाली. “नवीन मुलीला सांगा, माझ्या खिडकीची कडी सरळ लागत नाही. जरा उचलून लावायची.”

“कुठली नवीन मुलगी?” ताईंनी विचारलं.

टाचणीने मशीनवरच्या स्कर्टकडे बोट दाखवलं.

काकूंनी उठून तो स्कर्ट तिच्या फ्रॉकवरूनच चढवला. गुडघ्यावर बरोब्बर बसला. फक्त खालून जरा जड लागत होता.

“मी आता हेच विचारत होते,” ताई हातातला फॉर्म सारखा करत म्हणाल्या. “हिचा मुक्काम आणखी किती दिवस वाढवायचा, ते इथे लिहायचंय.”

“टाचणे, स्कर्ट खालून उलटून दाखव त्यांना,” काकू म्हणाल्या.

आत वीतभर कापड दुमडलेलं होतं. त्यावर लाल दोऱ्याच्या तीन ओळी होत्या, एकीखाली एक. काकूंनी एकेकीवर बोट ठेवलं.

“सातवीत इथपर्यंत सोडायचा. आठवीत इथपर्यंत. नववीत इथपर्यंत. दहावीला मात्र नवीन कापड आणावं लागेल.”