पक्की शाळा

पायासाठी खणलेल्या चरात आफरोजा उतरली आणि ओढणी सावरून तळाशी मांडी घालून बसली. वर गफूर मिस्त्री सिमेंटचं घमेलं घेऊन उभा होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या वडिलांकडे.

"वर ये," सोलेमान म्हणाले.

"नाही आब्बा. इथे शाळा नको."

जमुना नदीच्या काठचं निम्मं गाव पायाभरणीला जमलं होतं. मौलवींची दुआ झाली होती, जिलेबीच्या पुड्या हातोहात फिरत होत्या. सोलेमान शाळा समितीचे अध्यक्ष. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून त्यांनी या विटा मिळवल्या होत्या. आणि आता त्यांचीच लेक, राजशाही शहरातल्या विद्यापीठात भूगोल शिकणारी, पायाच्या चरातच ठाण मांडून बसली होती.

शेजारच्या हातेम चाचांनी जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. "काय गं, मंगोलियाची राजधानी कुठली?" ती सुट्टीत घरी आली की ते हटकून काहीतरी असं विचारत.

"उलानबातर."

"बघा! एवढी हुशार पोरगी, मग आज अशी येड्यासारखी का करते?"

सगळे हसले. आफरोजा हसली नाही.

"चाचा, राजधान्या मी शाळेत पाठ केल्या. विद्यापीठात मी हा काठ शिकतेय. वर चिकणमाती आहे म्हणून जमीन घट्ट वाटते. माणूसभर खाली गेलं की नुसती वाळू. मी स्वतः भोक पाडून बघितलंय. नदी वरून नाही खात, खालून पोखरते."

"साल सांग की मग! कुठल्या साली जाईल शाळा?"

"ते नाही सांगता येत. या पावसाळ्यात जाईल, नाहीतर पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या. पण मुख्य धार इकडेच सरकतेय. आता पहिलीत बसलेली पोरं पाचवीत जाईपर्यंत या भिंती उभ्या राहणार नाहीत."

"साल सांगता येत नाही आणि म्हणे शास्त्र," हातेम चाचा म्हणाले आणि त्यांनी बोटं चाटली.

सोलेमान चराच्या कडेला उकिडवे बसले. त्यांनी आवाज खाली आणला. "मी पत्र्याच्या शाळेत शिकलो. नदीने ती उचलायला लावली. तू जिथे शिकलीस, तीही उचलावी लागली. दर वेळी माणसं पत्रे डोक्यावर घेऊन मागे सरतात आणि पोरं वर्ष वर्ष गुरं राखत बसतात. एक शाळा जागची हलू नये, एवढंच मागितलं गं मी. आणि तू चार माणसांत माझी..."

काल जेवताना आफरोजाने त्यांना हेच सांगितलं होतं, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठून गेले होते. आज सगळ्यांसमोर बसण्यावाचून तिला दुसरी वाट दिसली नव्हती.

"आब्बा, माझ्याबरोबर काठापर्यंत चला. मोजायची टेप धरायला माणूस लागतं. बघून आल्यावरही तुम्ही म्हणालात बांधायची, तर पहिली वीट मी लावीन."

"सिमेंट घट्ट होतंय," गफूर मिस्त्री कुरकुरला.

"होऊ दे," सोलेमान म्हणाले आणि लेकीला वर घ्यायला त्यांनी हात दिला.

दोघं काठाकडे चालत गेले. चैत्रातलं पाणी शांत होतं, दूर पसरलेलं. गेल्या वर्षी याच दिवसांत काठापासून आतपर्यंत तिने बांबूच्या खुंट्यांची ओळ ठोकली होती, तेव्हा सोलेमाननीच त्या तासून दिल्या होत्या.

"पहिली खुंटी कुठाय?"

आफरोजाने नदीकडे बोट केलं. "ती नाव चाललीय ना, तिच्याही पलीकडे."

"आणि दुसरी?"

"नावेच्या खाली."

सोलेमान कड्याच्या खचलेल्या टप्प्यावर उतरले, मग सरळ पालथे झाले आणि कड्याच्या खाली त्यांनी हात घातला. वरची माती विटेसारखी टणक होती. खाली बोट लावताच वाळू धान्यासारखी झरझर सुटली आणि सुटतच राहिली. त्यांनी हात मागे घेतला तरी ती थांबली नाही.

ते उठून वर आले. कपड्यांची माती झटकायचंही त्यांना सुचलं नाही.

"टेप धरायची होती ना?"

"हो."

टेपचं टोक त्यांनी कड्याशी दाबून धरलं आणि आफरोजा शाळेच्या चरापर्यंत चालत गेली. आकडा तिने वाचला. दोन-तीन पावसाळ्यांत नदी खाईल एवढंच अंतर उरलं होतं. टेप गुंडाळत मागून आलेल्या सोलेमाननी आकडा विचारला नाही.

आब्बांचा निर्णय होईपर्यंत बसून राहायला आफरोजा पुन्हा चरात उतरू लागली.

"आता कशाला उतरतेस?" सोलेमान म्हणाले. मग ते मिस्त्रीकडे वळले. "गफूर, विटा माझ्या अंगणात रचून ठेव. शाळा मागे घ्यायची, काठापासून लांब, आंब्याच्या झाडापलीकडे."

गलका झाला. हातेम चाचा पुढे आले. "म्हणजे पुन्हा पत्र्याचीच?"

"पत्र्याचीच."

सोलेमाननी स्वतःच वाकून पायाच्या आखणीची पहिली दोरी सोडली.

"आणि गफूर, या वेळी खिळे ठोकायचे नाहीत. सगळं नटबोल्टवर बसव. पोरांनासुद्धा खोलून मागे नेता आलं पाहिजे."