सात नंबरची पोचपावती

खोली सोडण्याची तिसरी नोटीस घेऊन वकिलाचा कारकून जिना चढला, तेव्हा सात नंबरच्या आजी चष्मा पुसून तयारच बसल्या होत्या.

पहिली नोटीस त्यांनी नावावरून परत पाठवली होती. खोली माहेरच्या नावावर, तर नोटीसही त्याच नावाने हवी. दुसरीत कारण होतं ‘दुरुस्ती’.

“दुरुस्तीसाठी भाडेकरूला कायमचं काढता येत नाही,” आजी तेव्हा म्हणाल्या होत्या. “मालकाला स्वतः राहायचं असेल तर येतं. वकीलसाहेबांना सांग, तसं लिहा म्हणावं.”

आज तसंच लिहून आलं होतं. आजींनी ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं. मुदत, पूर्ण नव्वद दिवस. कारण. मालकाची सही. सहीपाशी बोट जरा रेंगाळलं.

“लोक नोटीस बघून शिव्या घालतात,” कारकून म्हणाला. “तुम्ही शुद्धलेखन तपासता.”

“चूक राहिली की कोर्ट उडवून लावतं.”

“मग राहू द्यायची की. बेचाळीस वर्षं काढलीत इथे.”

“पाणी पी.”

पाणी पिता पिता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःसाठी म्हणून घेतलेल्या खोलीत मालक महिन्याभरात राहायला आला नाही, तर ती भाडेकरूला परत द्यावी लागते. आणि मालक तर दूरदेशी. अख्खी इमारत त्यांनी फोनवरून घेतली होती, पाडायला.

तो हसला. “आजी, पोचलेल्या आहात तुम्ही. मालक कसले येतात इथे राहायला? खोली परत तुमचीच.”

“न येऊन सांगतो कुणाला? सही केलीय त्याने.” आजी उठल्या, खिडकीची नवी कडी लावून पाहिली. “गार वाऱ्याने छाती भरते, म्हणून कालच बसवून घेतली. मालक काय म्हणाले रे?”

“‘सात नंबर रिकामी करून घ्या.’ एवढंच.”

“बरं.”

पोचपावती भरून त्यांनी घडी घालून दिली. कारकुनाने ती जिन्यातच उघडली. रिकामा रकाना दिसला की वकीलसाहेब त्याला उभा-आडवा घेत. नाव, तारीख, सही, सगळं जागच्या जागी होतं. शेवटचा रकाना ‘मालकाशी नाते’. तिथे सगळे ‘भाडेकरू’ लिहितात.

आजींनी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आई’.