कुपीतली साखर

माणदेशातल्या बांधावर शरयूने बोटाएवढी काचेची कुपी पुढे केली, तेव्हा एरंडाची बोंडं खुडणाऱ्या हौसाबाई गोंधळल्या.

"ह्यात साखर कशापायी?"

"रिकामं भांडं परत देऊ नये ना, मावशी. माझ्या हृदयाच्या जागी पंप आहे. दर सहा महिन्यांनी त्यात तुमच्या एरंडाचं तेल घालतात. कुपीवर तुमचं नाव असतं. दवाखान्यात मात्र ती धुऊन रिकामीच परत मागतात. अकरा वर्षं तशीच देत आले, पण मनाला लागायचं. म्हटलं, या खेपेला आपणच जावं."

कारखान्याची गाडी एरंडी घेऊन जाते, एवढंच हौसाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी पदराला हात पुसले, शरयूच्या छातीला कान लावला आणि एकदम घाबरल्या.

"पोरी, आत कायबी वाजत न्हाई!"

शरयू हसली. तिचे डोळे भरून आले होते.

"पहिलं खनिज तेल होतं, तेव्हा पंप सारखा करकरायचा. तान्ही लेक छातीशी घेतली की दचकून रडायची. तुमचं तेल पडलं, त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या छातीवर झोपली."

हौसाबाईंनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली आणि पुन्हा कान लावला.