भूत यायच्या आधी

लॅपटॉपवाल्या मुलीने मावशींच्या मनगटाला पट्टा बांधला आणि पडद्यावर बघून ती हसली. "मावशी, सिनेमा अजून सुरू व्हायचाय. आत्ताच ठोके वाढले?"

"हात गार आहेत गं तुझे," मावशी म्हणाल्या.

खोलीत खुर्च्या भरपूर, बसायला मावशी एकट्या. एकेकालाच बसवायचं असं ठरलं होतं. ठरवणारा मार्केटिंगवाला दाराशी उभा राहून मुलीला धंदा शिकवत होता, मावशी म्हणजे जणू खुर्चीचं कव्हर अशा आवाजात. "चार माणसांच्या घरात भूत टिकत नाही. कोणीतरी म्हणतं, मांजर असेल, की संपलं. एकट्याच्या घरात नळ गळला तरी माणूस दचकतो. एकटी माणसं म्हणजे तयार गिऱ्हाईक. भीती त्यांची त्यांनी घरूनच आणलेली असते. आपण फक्त तिकीट लावायचं."

मावशींनी ऐकलं. कपड्यांच्या दुकानात मागे बसून लोकांच्या पँटी आखूड करण्यात जन्म गेला होता. तोंडासमोर आपल्याबद्दल बोललेलं ऐकून न ऐकल्यासारखं कसं करायचं, हे काही त्यांना नवीन नव्हतं. आणि त्या काही सिनेमा बघायला आल्या नव्हत्या. ज्यांना भीती वाटेल त्यांना आठवडाभर रोज सकाळी कंपनीतून फोन येणार होता. झोप लागली का, स्वप्न पडलं का, रात्री दिवा चालू ठेवला का. उत्तरं जाहिरातीत छापायची होती. जो घाबरणार नाही त्याला दारातूनच नमस्कार. मावशी घाबरायला आल्या होत्या. घरून निघतानाच त्यांनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता.

अंधार झाला. भूत आलं. मावशी ओरडल्या, जमेल तेवढ्या जोरात. दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी पर्स छातीशी धरली, तिसऱ्यांदा डोळ्यांवर हात घेतले. नाटक वाईट नव्हतं. मनगटाने मात्र साथ दिली नाही.

दिवे लागल्यावर मार्केटिंगवाला लॅपटॉपवर वाकला. "एवढ्या बोंबलल्या आणि ठोके बघ. दुपारची डुलकी काढल्यासारखे."

"सर, हे बघा." मुलीने बोट ठेवलं. मधेच एका जागी रेघ उभीच्या उभी चढली होती. तिने त्या जागेचं चित्रण लावलं. अंधारातल्या कॅमेऱ्यात मावशी खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या दिसत होत्या, एक हात पुढे.

"पळायला निघाल्या की या. असा शॉट अजून कोणी दिला नव्हता."

"पण सर, सिनेमात इथे भूत नाहीये. भूत यायला अजून वेळ आहे. इथे आई टीव्ही बघत बसलीय आणि बाथरूममधून मुलगी हाक मारते. आई, टॉवेल दे गं. बस, एवढंच."

मार्केटिंगवाल्याने तेवढा तुकडा पुन्हा लावून बघितला. मग त्याने चुटकी वाजवली. "घरात तुम्ही एकट्याच. मग हाक कोणी मारली? हेच टाकायचं पोस्टरवर. मावशी, सोनं केलंत." आल्यापासून पहिल्यांदाच तो मावशींशी बोलत होता. त्याने खुर्ची ओढली आणि कॅमेरा समोर धरला. "आता एवढंच म्हणायचं. हाक ऐकली आणि मी पळतच सुटणार होते. झालं. उद्यापासून तुमचे फोन सुरू. किती वाजता चालेल?"

"सातला," मावशी म्हणाल्या. "त्याआधी केला तरी चालेल. मी उठलेलीच असते."

"छान. म्हणा."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. मावशींनी तोंड उघडलं. मघाशी खोटं ओरडताना त्यांना काही वाटलं नव्हतं. भूत खोटं, ओरडणं खोटं, फिटंफाट.

"पळत नव्हते मी," त्या म्हणाल्या. "टॉवेल द्यायला उठले होते."

"अहो, बघणाऱ्याला काय कळतंय? नुसतं म्हणायचंय."

"ते नाही म्हणवणार."

"मघाशी ओरडायला बरं जमलं."

"भुताला ओरडले. पोरीच्या हाकेला घाबरून पळाले, असं नाही म्हणणार मी."

लाल दिवा विझला. मार्केटिंगवाला उठला आणि पुन्हा त्याच, खुर्चीच्या कव्हरबद्दल बोलावं तशा आवाजात मुलीला म्हणाला, "यांना फोन नको. शॉट ठेव. वर एक किंकाळी टाकू, पळाल्यासारखंच दिसेल. बाहेर आजोबा बसलेत, त्यांना घे." आणि तो निघून गेला.

मुलगी पट्टा सोडू लागली. दार लागल्याची खात्री करून तिने हळूच विचारलं, "मावशी, खरंच नाही वाटली भीती? ठोके तर केवढे चढले होते. आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत."

मावशींनी पर्समधून फोन काढला आणि त्याचा आवाज कमी केला.

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पोर आत ओली उभी, हाका मारतेय, आणि ती आई जागची हलेना."