साळूबाईचा पेपर

"हे पण घे," कानिफनाथअप्पा म्हणाले. "रोज नवऱ्याला पेपर वाचून दाखवायची."

दिशा मोबाईलवर आजीच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात लिहीत होती. प्रेमळ पत्नी, आई, आजी एवढं लिहून झालं होतं. अप्पांना ते पुरत नव्हतं.

"तसं तर सगळ्याच बायांचं छापत्यात. पेपरचं आलं तरच ती साळू."

"लिहिते, अप्पा."

अप्पा ओट्यावर खांबाला टेकले. लग्न झाल्यावर दोघं पाथर्डीकडून देवळाली प्रवऱ्याला कामाला आली, तेव्हा इथं ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्याच रविवारी साळूबाईनं साखरेच्या पुडीचा कागद उलगडला.

"वाचू का? चौथी पास हाय मी."

"वाच की. मला कुठं येतंय?"

त्या कागदात कोल्हारच्या एका गाईला जुळं झालं होतं. पुढं रोजचा पेपर सुरू झाला. अप्पा सकाळी स्टँडवरून तो आणायचे. यायला तासभर लागायचा.

"कुठं रमता वो? पेपर शिळा व्हतो."

"कालव्याच्या चारीच्या पुलावर गार वाटतं."

मग ते घडी उलगडून पेपर सरळ तिच्या हातात द्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. श्रीरामपूरच्या स्टेशनात हरवलेली पोर आईला सापडायची. नदीत पडलेलं वासरू आपणच पोहून वर यायचं. ऐकता ऐकता अप्पांना आपण त्या नदीकाठानंच चालतोय असं वाटायचं. चहा निवून जायचा.

"तिच्या पेपरात कधी कोनी मरत नव्हतं बघ," ते दिशाला म्हणाले.

दिशा आत गेली तशी तिच्या वडिलांनी, अंगदनं, मोबाईल मागून घेतला. वाचला. "ती पेपरची ओळ काढ."

"का? अप्पांनी तेवढंच तर सांगितलं."

अंगदनं कपाटातून महिला बचत गटाची जुनी हजेरीवही काढली. साळूबाईच्या नावापुढं पानोपानी निळा अंगठा होता.

"आईला अक्षर वळखू येत नव्हतं. मनानंच सांगायची सगळं. आमी पोरं शाळेत जायला लागलो तवा आमच्या लक्षात आलं. गळ्याची आन घातली तिनं, तुमच्या बापाला सांगायचं न्हाई म्हणून."

"म्हणजे अप्पांना अजून...?"

"पंचेचाळीस वर्षं खरं धरून बसलेत. गटातल्या बायांनी तिचा अंगठा बघितलाय. हे छापलं, अन् एखादी त्यांच्यापुढं फिदीफिदी हसली, तर? आई तर गेली. ह्यांच्याकडं तेवढंच उरलंय."

दिशानं ओळ काढली.

पुण्यस्मरणाच्या दिवशी अप्पा नेहमीसारखे स्टँडवर गेले आणि नेहमीसारखे तासाभरानं आले. साळूबाईचा फोटो असलेलं पान काढून, सरळ धरून त्यांनी ते नातीच्या हातात दिलं.

"वाच."

अंगद दारात येऊन उभा राहिला. दिशा वाचू लागली. प्रेमळ पत्नी, आई, आजी. मजकूर तिथंच संपत होता. खाली फक्त घरच्यांची नावं होती. अप्पा डोळे मिटून बसले होते. वाट बघत होते.

दिशानं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"रोज नवऱ्याला पेपर वाचून दाखवायची," ती म्हणाली. मग बोट पुढं सरकलं. "तिच्या पेपरात कधी कोणी मरत नव्हतं."

अंगदनं तोंड फिरवलं.

"अगदी आजीवानी वाचलंस," अप्पा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "आता रोज तूच वाचत जा. मला कुठं येतंय?"

त्या सकाळीही ते चारीच्या पुलावर बसले होते, आणि पंचेचाळीस वर्षं वाचत आले तसा सगळा पेपर पहिल्या पानापासून वाचून, साळूची जाहिरात तेवढी दोनदा वाचून, मगच घरी आले होते.